लाजेनं तुंबलेली माणसं

साठीच्या पुढचा पुरुष माझ्या तपासणीच्या खोलीत पहिल्यांदा आला, की आधी माझ्या मागं बघतो. माझ्या मागं भिंत आहे. मग तो दाराकडं बघतो, मग माझ्याकडं, आणि विचारतो, "डाक्टरसाहेब कुठं गेलेत?"

"डॉक्टर मीच. बसा."

"न्हाय, ते आपरेशनवाले..."

"ऑपरेशनवालीपण मीच."

काहीजण बसतात. काहीजण "जरा भाईर जाऊन येतो" म्हणतात आणि थेट घरी जातात. उमरग्यात मी शस्त्रक्रियेचा दवाखाना चालवते, त्याला आता एवढी वर्षं झाली, की ज्यांचं अपेंडिक्स मी काढलं त्यांची मुलं आता मोटारसायकली पाडून माझ्याकडं टाके घालून घ्यायला येतात. तरी हे मागं बघणं काही थांबलेलं नाही. माझे यजमान भूलतज्ज्ञ आहेत. उंचपुरे, मिशीवाले. पेशंट त्यांनाच मोठे डॉक्टर समजतात. "मी फक्त झोपवतो, कापायचं काम त्यांचं," हे सांगून ते बिचारे दमले.

हर्निया, मूळव्याध इथवर लोकांनी मला चालवून घेतलं. खरी अडचण प्रोस्टेटची. ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या खाली, मोठ्या सुपारीएवढी. लघवीची नळी तिच्या मधून जाते, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे. पन्नाशीनंतर ही ग्रंथी हळूहळू वाढायला लागते. केस पांढरे होतात तशी वाढते, त्यात कुणाचा काही दोष नसतो. कुणाची लिंबाएवढी होते, कुणाची संत्र्याएवढी. ती वाढली की मधली नळी आवळली जाते. मग लघवीला उभं राहिल्यावर वाट बघावी लागते. धार बारीक होते. झाल्यावरही झाल्यासारखं वाटत नाही. रात्री उठावं लागतं, एकदा, दोनदा, मग झोपेपेक्षा उठणंच जास्त. बहुतेकांना गोळीनं बरं वाटतं. ऑपरेशन थोड्यांनाच लागतं. हे सगळं मी पुरुषांना सांगायचं, आणि त्यांनी मला सांगायचं, असा हा व्यवहार. तपासायचं तर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटानं ग्रंथी चाचपावी लागते. इथं पोचेपर्यंत निम्मे गळतात.

लाज पटकन मोडते ती एकाच गोष्टीनं, लघवी पूर्ण अडली की. हैदराबादकडून लोड घेऊन निघालेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं एकदा आमच्या फाटकातच गाडी आडवी लावली. सर्दी झाली म्हणून त्यानं मेडिकलमधून गोळ्या घेतल्या होत्या, आणि उमरगा गाठायच्या आधी एका ढाब्यावर थोडी दारूही. ग्रंथी आधीच वाढलेली असली, तर सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी एकदम बंद होऊ शकते. त्याची झाली होती. दोन्ही हातांनी पोट धरून तो आत आला. नर्स म्हणाली, "लेडीज डॉक्टर आहेत, चालतील का?" तो ओरडला, "कोई भी चलेगा! कंडक्टर हुआ तो भी चलेगा! जल्दी करो!" नळी घातली. मूत्राशय रिकामं व्हायला लागलं आणि मिनिटाभरात त्याचा चेहरा असा झाला, की खोलीतले आम्ही सगळेच हसायला लागलो, तोही. जाताना तो चक्क माझ्या पाया पडला.

अशा ओरडणाऱ्या माणसाची मला काळजी वाटत नाही. एकदम लघवी बंद झालेला माणूस कसाही करून दवाखाना गाठतोच. मला काळजी असते ती न ओरडणाऱ्यांची. मालप्पा मामा त्यांतले.

लोहाऱ्याच्या पलीकडं, जिथं माणसं वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवतात, तिथल्या एका गावचे हे मेंढपाळ. दुपारी टमटममधून त्यांना आणलं, बाजेसकट. सोबत बायको शेवंता मावशी, मुलगा सोमनाथ, आणि सात-आठ पाहुणे. मामा हाडं आणि कातडी एवढेच उरले होते. डोळे अर्धवट उघडे, पण ते कुणाकडं बघत नव्हते. दर थोड्या वेळानं उचकी लागत होती. पायांना सूज. धोतर ओलं, आणि अंगाला तो लघवीचा जुना वास.

सोमनाथ मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, लई काय करू नका. म्हातारपण हाय. भ्रम झालाय, कुणाला वळकत न्हाईत. दोन सलाईनी लावा, म्हंजे सुखानं जातेल. पावणे समदे बघून गेलेत."

मुलगा वाईट नव्हता, हे मला आधी सांगितलं पाहिजे. शाळेत शिपाई होता, सुट्टी टाकून आला होता, डोळे सुजलेले होते. वडील म्हातारे झाले आणि आता जाणार, असं त्यानं मनाशी मान्य केलं होतं. एवढंच.

मी मामांच्या पोटावर हात ठेवला. बाकी सगळं अंग वाळलेलं, आणि बेंबीखाली मात्र एक गोल, घट्ट, गुळगुळीत गोळा. भरल्या दिवसांच्या बाईचं असावं तसं पोट. मी बोटानं वाजवून बघितलं. बद्द आवाज आला.

"लघवी तुंबली आहे," मी म्हणाले.

सोमनाथनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू या बाईला काहीच कळत नाही. "तुंबलीया? अवो मॅडम, सारखी गळतीया! रोज चार-चार धोतरं बदलतुया आमी. म्हणून तर बाज भाईर शेडात टाकली."

त्याचं म्हणणं चूक आहे, असं कुणालाही वाटणार नाही. पण हौद काठोकाठ भरला, की वरून थेंब थेंब ओसंडतच राहतो. तसं मूत्राशय कधी रिकामंच होत नाही, आणि जे गळतं ते फक्त वरचं. हळूहळू तुंबत गेलं, की दुखतही नाही. मग मागं दाब जातो, वर मूत्रपिंडांपर्यंत. ती फुगतात, काम सोडतात. शरीरातली घाण रक्तात राहते, मेंदूत जाते. माणूस अन्न सोडतो, उचक्या देतो, असंबद्ध बोलतो, गुंगीत पडतो. घरचे म्हणतात, वय झालं.

"त्यांना हे कधीपासून होतंय?" मी विचारलं.

सोमनाथ म्हणाला, "महिना झाला आसंल."

कोपऱ्यात उकिडव्या बसलेल्या शेवंता मावशी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "तीन वर्सं."

सगळे तिकडं बघायला लागले.

"रातच्याला उठायचे. भिताडाला हात लावून उभं ऱ्हायचे, उभंच ऱ्हायचे. म्या आतून ऐकायची. आता येईल, मग येईल. कदी टिपकं, कदी तेबी न्हाय. मग पानी प्यायचंच सोडलं. लग्नाला जाईनात, येष्टीत बसंनात. लोकं म्हनायचे, म्हातारं मेंढरात रमतंय. रमतंय कशाचं! झाडोऱ्यात आडोसा मिळतो म्हणून जायचे."

"आये, मग बोलली का न्हाईस?" सोमनाथ म्हणाला.

"गड्याचं दुखणं, म्या कुणाला सांगू? तुला सांगू? सुनंला सांगू?"

रक्त तपासलं. मूत्रपिंडांचे आकडे घाबरवणारे होते. पोटॅशियम इतकं वाढलेलं, की हृदय कुठल्याही क्षणी थांबलं असतं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली. मी सोलापूरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी नळी टाका, पोटॅशियम उतरवायची इंजेक्शनं सुरू करा, आणि पाठवून द्या. डायलिसिस लागेल बहुतेक."

सोमनाथ सोलापूरला न्यायला तयार नव्हता. रस्त्यातच गेले तर, ही भीती. धोका काय आहे ते मी त्याला सगळं सांगितलं. तो आईकडं बघायला लागला. शेवंता मावशी उठून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ती नळी हितंच घाला. मी मेल्यागत तीन वर्सं ऐकलंय. आता बघू द्या मला."

संध्याकाळपर्यंत पोटॅशियम उतरलं नाही तर काहीही झालं तरी सोलापूर, असं तज्ज्ञांशी आणि घरच्यांशी ठरवून आम्ही नळी घातली. यजमान हृदयाचा आलेख लावून शेजारी बसले.

पिशवी भरली. नर्सनं रिकामी केली. परत भरली. शेवटचं बघायला म्हणून आलेले ते पाहुणे दारात, खिडकीत दाटीनं उभे होते, आणि त्या पिशवीकडं बघत होते. मामांचं पोट डोळ्यांदेखत उतरत गेलं. एक म्हातारा पाहुणा हळूच म्हणाला, "एवढं समदं आत हुतं?" मी इतकी वर्षं हे काम करते, तरी तेव्हा माझ्याही मनात नेमकं हेच आलं.

संध्याकाळी पोटॅशियम थोडं उतरलं. खाली आलेल्या त्या एका आकड्यासाठी मी आणि यजमानांनी एकमेकांकडं बघितलं, ते परीक्षेचा निकाल लागलेल्या पोरांसारखं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. दाब सुटला की मूत्रपिंडं एकदम सैरभैर होतात, पाणी आणि क्षार धरून ठेवायचं विसरतात. लघवीचा लोट सुरू होतो. जेवढं जातं त्याच्या हिशोबानं सलाईन द्यावं लागतं, नाहीतर तुंबण्यातून वाचवलेला माणूस कोरडा पडून जायचा. आमच्या नर्सेसनी हे इतकं मन लावून केलं, की मी त्यांना अजून मानते. मामांच्या उचक्या आधी थांबल्या. मग ती गुंगी जाऊन साधी, शांत झोप आली. पायांची सूज उतरली. पण माणूस कुणालाच ओळखत नव्हता. सोमनाथ रोज विचारायचा, मी रोज म्हणायचे, वाट बघू. मला स्वतःला खात्री नव्हती.

एका सकाळी मी राऊंडला गेले. शेवंता मावशी खाटेजवळ जमिनीवर बसून पायांना तेल लावत होत्या. मामांनी डोळे उघडले. छताकडं बघितलं, सलाईनच्या बाटलीकडं बघितलं, मग मान वळवली. त्यांची नजर मावशींवर थांबली. थांबली म्हणजे खरंच थांबली. मी दारातच उभी राहिले.

खरखरीत आवाजात ते म्हणाले, "तू जेवलीस का?"

मावशींचा हात पायावरच राहिला. "व्हय," त्या म्हणाल्या. "जेवले." जेवल्या नव्हत्या. सकाळचे साडेसात वाजले होते, आणि आदल्या रात्रीचा डबा तसाच खिडकीत होता. त्या उठून बाहेर गेल्या, व्हरांड्यात माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं आत आल्या आणि मामांवर असं तोंड सोडलं, की शेजारच्या खोलीतले पेशंट उठून बसले. "तीन वर्सं! तीन वर्सं मला भिताडाआडून ऐकवलंत! एक सबुद बोलला न्हाईत!" मामा नुसते ऐकत होते, आणि त्यांना ऐकायला येतंय, कळतंय, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

गेलेला माणूस परत येतो, असं आपण बोलताना म्हणतो. तो खरोखर परत येताना मी बघितला. यात माझी हुशारी काही नव्हती. एक रबराची नळी, आणि वाट मोकळी मिळाली की पुन्हा कामाला लागणारी मूत्रपिंडं. एवढी वर्षं कोंडून मारलेला तो अवयव राग धरत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर घडलं तेव्हा मी पुढच्या खाटेकडं जायचं विसरून बघत राहिले.

त्याच खोलीत दुसऱ्या खाटेवर कांबळे गुरुजी होते. निवृत्त मुख्याध्यापक, परीटघडीचा सदरा, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती झालेले. भरती करताना मी त्यांना विचारलं होतं, लघवीचा काही त्रास? "नाही." रात्री उठावं लागतं का? "नाही." जोर करावा लागतो का? "मॅडम, मी शिक्षक आहे. काही असतं तर सांगितलं असतं." हे सगळे दिवस त्यांनी वर्तमानपत्राच्या आडून मालप्पा मामांना बघितलं होतं. त्या सकाळी मावशींचा आवाज खाली आल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि मला म्हणाले, "मॅडम, जरा तुमच्या खोलीत येऊ का? दार लावायला लागेल."

खोलीत आल्यावर दार त्यांनीच लावलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला तिन्ही उत्तरं खोटी दिली." वर्षभर जोर करून लघवी करत होते. हर्निया बहुतेक त्या जोरानंच झाला होता. वडीलही असेच त्रासानं गेले होते, नेमकं काय ते घरात कधी कुणी बोललं नाही. मी तपासते म्हणाले. ते भिंतीकडं तोंड करून कुशीवर झाले. वाढलेली साधी ग्रंथी बोटाला मऊ, रबरासारखी लागते. गुरुजींच्या ग्रंथीत एका बाजूला कडक गाठ होती, खड्यासारखी.

रक्ताची तपासणी, मग सोलापूरला तुकडा काढून तपासणी. कर्करोग निघाला. पण अजून ग्रंथीच्या आतच होता, हाडात गेलेला नव्हता. उपचार झाले. आज गुरुजी चांगले आहेत, ठरावीक महिन्यांनी रक्त तपासतात. मला एकदा म्हणाले, "त्या धनगराशेजारची खाट मिळाली म्हणून मी आहे." कंबर धरून वर्षभर तेल चोळत बसलेले आणि मग माझ्याकडं आलेले लोक मी पाहिलेत. त्यांचा कर्करोग हाडात पोचलेला असतो. त्यांच्यासाठी मला काही फार करता आलेलं नाही. त्यांचे चेहरे आठवतात, म्हणून सरळच सांगते: लघवीतून एकदाही रक्त दिसलं, लघवी पूर्ण थांबली किंवा न कळत गळायला लागली, जळजळीबरोबर थंडीताप आला, वयस्कर माणसाचं कंबरेचं हाड दुखायचं थांबेना, तर घरात बसू नका. वडिलांना, भावाला हा कर्करोग झाला असेल तर काही त्रास नसतानाही दाखवून या. आणि नुसती धार बारीक झाली असेल, रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल, तरी या. कधी ती रक्तातली साखरच निघते. निघाली तर तेही बरंच, वेळेत कळलं.

मामांची तब्येत सुधारल्यावर सोलापूरचे युरोसर्जन आमच्याकडं आले आणि दुर्बिणीनं ग्रंथी आतून खरवडून काढली. मी सोबत होते. पडद्यावर मूत्राशयाची आतली भिंत दिसली. ती गुळगुळीत असायला हवी. मामांची दोरखंड विणावेत तशी उठलेली होती, पीळ पडलेली. आवळलेल्या नळीतून लघवी ढकलण्यासाठी त्या स्नायूनं वर्षानुवर्षं एकट्यानं जी झटापट केली, ती तिथं दिसत होती. काम संपल्यावर युरोसर्जननी हातमोजे काढले. मग म्हणाले, "मॅडम, वाट मोकळी केली. पण एवढं ताणलेलं मूत्राशय परत आवळेल का, ते मी सांगू शकत नाही." नाही आवळलं, तर मामांना जन्मभर नळी.

नळी काढायच्या दिवशी सगळ्यांना हे माहीत होतं. मामा पाणी प्याले, व्हरांड्यात फिरले, संडासात गेले. शेवंता मावशी दाराबाहेर उभ्या. सोमनाथ उभा. गुरुजी तेव्हा सोलापूरच्या फेऱ्यांत होते, तरी मुद्दाम आले होते, तेही उभे. मी आपल्या खोलीत बसले होते, कागद उलटसुलट करत. बराच वेळ गेला. मी ठरवलं, आता उठून सांगायचं की काळजी करू नका, नळी परत घालू, महिन्यानं पुन्हा बघू.

तेवढ्यात मावशींनी सोमनाथला हातानं गप्प केलं. तो गप्पच होता. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"आली," त्या म्हणाल्या. आणि मग मोठ्यानं, माझ्या खोलीपर्यंत, "मॅडम, आली!"

मामांची मूत्रपिंडं पूर्ण बरी झाली नाहीत. मीठ बेतानं, रक्त तपासत राहायचं, दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी आले असते तर बहुधा रोजच्या एका गोळीवर भागलं असतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आलो असतो, तर तुमाला बघून माघारी गेलो असतो."

यंदा उन्हाळ्यात एका सोमवारी मी दवाखान्यात आले, तर बाकांवर सगळी पागोटी आणि टोप्या. एरवी पुरुष बाहेर चहाच्या टपरीवर थांबतात आणि बायका आत बसतात. आज एका गावचे नऊ-दहा म्हातारे ओळीनं बसले होते, माना खाली घालून. त्यांच्यासमोर मालप्पा मामा काठी टेकून उभे होते आणि भर दवाखान्यात मोठ्या आवाजात सांगत होते, "बोट घालून बघत्यात. मिंटभर. त्येनं कुणी मरत न्हाय. मी न सांगून मरत हुतो."

बाकावरचा एक जण खालच्या आवाजात म्हणाला, "पर बाईमाणूस हाय."

"मग? तुझी लघवी वळकती का, कोण बघतंय ते?"

मी खोलीत जाऊन बसले. एकेक जण येऊ लागला. कुणीही माझ्या मागं बघितलं नाही. दोघांना गोळ्या लिहून दिल्या, एकाची साखर निघाली, एकाला सोनोग्राफी सांगितली. एकानं तपासून झाल्यावर दाराच्या कडीला हात लावून, वळून न बघता विचारलं, "गोळीनं ताकद जाती का?" खरा प्रश्न कायम दाराशीच येतो. मी सांगितलं, क्वचित थोडा फरक पडतो, गोळी बदलता येते, घाबरू नका, वाटलं तर परत येऊन बोला. तो हसला आणि गेला.

शेवटचा म्हातारा आला. धिप्पाड, पांढऱ्या गलमिशा. खुर्चीत बसला, काठी मांडीवर आडवी ठेवली, आणि दार नीट लागलंय का ते वळून बघितलं.

"बोला बाबा, काय होतंय?"

"काय न्हाय," तो म्हणाला. "गुडघा दुखतोय."

दार किलकिलं झालं. मालप्पा मामांनी आत डोकं घातलं.

"मॅडम, त्येच्या गुडघ्याला कायबी झालेलं न्हाय," ते म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.